डेटिंग ॲप आणि बदलत्या सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटिंग ॲपबद्दल लोक मला बरीच वर्षं प्रश्न पाठवत आले आहेत. आधी बहुतेकांना एकच हवं असायचं, कोणतं ॲप घेऊ? आता प्रश्न बदललेत. ॲप काढून टाकू का, हा मेसेज माणसाने लिहिलाय की मशीनने, तो मला आवडतो पण आमचं नेमकं काय चाललंय, असं लोक विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेटिंग ॲप नेमकं करतं काय?

दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देतं. पुढचं सगळं त्या दोघांवर असतं.

मॅच डॉट कॉम १९९५ साली सुरू झालं तेव्हा संगणकासमोर बसून लांबलचक माहिती भरायची, दुसऱ्यांची वाचायची आणि पत्र लिहावं तसा मेसेज लिहायचा, अशी पद्धत होती. २००९ मध्ये समलिंगी पुरुषांसाठीच्या ग्राइंडर ॲपने फोनच्या लोकेशनवरून आसपास कोण आहे ते दाखवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये टिंडर आलं आणि स्वाइप रूढ झालं. आवडलं तर उजवीकडे, नको तर डावीकडे. दोघांनीही उजवीकडे केलं तरच मॅच होतो आणि मगच बोलता येतं. तुम्ही नको म्हटलेलं समोरच्याला कळत नाही, त्यामुळे लोकांची भीड चेपली. पण समोरचं माणूस अंगठ्याने क्षणात बाजूला सारायची सवयही तिथूनच लागली. खालचे अर्धे प्रश्न या सवयीतून आलेले आहेत.

२. अशी जुळलेली नाती खरंच टिकतात का?

टिकतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानुसार (रोझेनफेल्ड आणि सहकारी, २०१९) २०१७ मध्ये एकत्र आलेल्या स्त्री-पुरुष जोड्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटल्या होत्या. मित्रमंडळींमार्फत होणाऱ्या ओळखी त्याने मागे पडल्या. मात्र ‘ऑनलाइन’ म्हणजे फक्त डेटिंग ॲप नव्हे, त्यात बाकीचं इंटरनेटही आलं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत लग्न झालेल्या किंवा पक्क्या नात्यात असलेल्या अमेरिकन प्रौढांपैकी १० टक्क्यांनी जोडीदार डेटिंग साइट किंवा ॲपवर भेटल्याचं सांगितलं. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण २० टक्के होतं.

ओळख कुठे झाली यावर नातं टिकणं फारसं अवलंबून नसतं. ‘आम्ही ॲपवर भेटलो’ हे सांगायला अजूनही चाचरणारी मंडळी मला लिहितात. चाचरण्याचं काही कारण नाही.

३. सगळेच कंटाळलेले दिसतात. ॲपचा जमाना संपला का?

संपलेला नाही, पण पहिला भर ओसरलाय. टिंडर, हिंज, ओकेक्यूपिड ज्यांच्या मालकीचे आहेत त्या मॅच ग्रुपचे पैसे भरणारे ग्राहक गेली काही वर्षं घटत आहेत. २०२५ मध्ये या कंपनीने सुमारे १३ टक्के आणि बंबल या दुसऱ्या ॲपच्या कंपनीने सुमारे ३० टक्के कर्मचारी कमी करायचं ठरवलं. त्याआधी १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, ऐन व्हॅलेंटाइन डेला, कॅलिफोर्नियात मॅच ग्रुपवर खटला दाखल झाला. ॲपची रचना मुद्दाम व्यसन लागेल अशी केली आहे, असा त्यात आरोप होता आणि कंपनीने तो फेटाळला.

कंटाळा खरा आहे आणि त्यामागचं कारण अभ्यासातही दिसतं. प्रोंक आणि डेनिसन या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना एकामागून एक प्रोफाइल दाखवल्या. पहिल्या प्रोफाइलपासून शेवटच्या प्रोफाइलपर्यंत होकाराची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. जितकं जास्त पाहावं तितका नकाराचा सूर घट्ट होत जातो. रात्री अंथरुणात पडून पन्नासाव्या चेहऱ्यावर आलेला अंगठा पाहत नसतो, नुसता सरकत असतो. म्हणून मी सांगते, दिवसाला आठ-दहा प्रोफाइल पाहा, त्या जागेपणी पाहा आणि फोन ठेवून द्या.

ॲपही बदलत आहेत. हिंजने स्वाइप सोडून फोटोवर किंवा एखाद्या उत्तरावर टिप्पणी करायची पद्धत आणली. टिंडरने २०२५ मध्ये मित्राला सोबत घेऊन दोघादोघांनी भेटायची सोय दिली. शिवाय धावण्याचे गट, वाचनमंडळं, ठरवून आयोजित केलेल्या भेटी यांकडे लोक पुन्हा वळले आहेत. मला हे फार आवडतं, कारण तिथे माणूस हलता-बोलता दिसतो.

४. मला मॅचच येत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, बहुतेक मुलांकडून, आणि बहुतेकदा मध्यरात्रीनंतर.

टिंडरवर २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या प्रोफाइलवरून लाखो स्वाइप केले. पुरुषांच्या प्रोफाइलला ०.६ टक्के मॅच मिळाले, स्त्रियांच्या प्रोफाइलला सुमारे १०.५ टक्के. कारण साधं होतं. बरेच पुरुष दिसेल त्याला उजवीकडे करत होते, म्हणून स्त्रिया अधिक चोखंदळ झाल्या. त्यामुळे पुरुषांचे मॅच आणखी घटले आणि ते आणखी बेधडक उजवीकडे करू लागले. हे चक्र त्या रचनेतच आहे.

त्याची दुसरी बाजूही पाहा. प्यूच्या २०२२ च्या पाहणीत त्याआधीच्या वर्षभरात ॲप वापरलेल्या पुरुषांपैकी ६४ टक्क्यांना पुरेसे मेसेज न आल्याने स्वतःबद्दल शंका वाटली होती, तर ५४ टक्के स्त्रिया मेसेजच्या माऱ्याने दबून गेल्या होत्या. एका मैत्रिणीने मला आपला इनबॉक्स दाखवला होता. वरपासून खालपर्यंत ‘हाय’, ‘हाय डिअर’, ‘हॅलो’, ‘हाय’, मध्ये एक घाणेरडा फोटो, परत ‘हाय’. त्या ढिगात एकाने तिच्या फोटोतल्या सायकलबद्दल नीट विचारलं होतं. तो मेसेज तिला अकरा दिवसांनी दिसला.

तेव्हा शांततेचा अर्थ ‘मी कोणालाच नको आहे’ असा लावू नका. बहुतेक वेळा तुमच्यापर्यंत कोणी पोचलेलंच नसतं. फोटो बदला (प्रश्न ५), थोड्यांनाच पण मन लावून लिहा (प्रश्न ६). आणि ॲप उघडल्यावर रोज उदास वाटत असेल तर महिनाभर बंद ठेवा.

५. प्रोफाइलमध्ये काय टाकू?

पहिल्या फोटोत एकटे असा, चेहरा उजेडात, गॉगल नको. एक पूर्ण उंचीचा फोटो आणि एक काहीतरी करत असतानाचा. गटातला फोटो पहिला ठेवला तर समोरच्याला यातला तू कोण हे शोधत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणी देत नाही.

बायोमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलच्या ओळींमध्ये, ‘प्रवास, संगीत, मजा’ असं लिहू नका, ते सगळ्यांनाच लागू पडतं. ‘रविवारी सकाळी जुने रेडिओ उघडून बसतो, दोन चालू झालेत, एक कायमचा गेला’ असं लिहिलंत तर समोरच्याला प्रश्न विचारायला जागा मिळते. काय नको याची यादी लिहू नका. ती वाचून नको असलेली माणसं थांबत नाहीत, हवी असलेली मात्र बिचकतात. आणि तुम्हाला पक्कं नातं हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा. निम्मा गोंधळ तिथेच टळतो.

६. पहिला मेसेज कोणी करायचा, आणि काय लिहायचं?

ज्याला सुचेल त्याने. २०१४ मध्ये सुरू झालेल्या बंबलने स्त्री-पुरुष मॅचमध्ये पहिला मेसेज स्त्रीनेच करायचा असा नियम घातला होता. पण हा रोजचा भार अनेक जणींना नकोसा झाला. २०२४ मध्ये कंपनीने नियम सैल केला आणि आधीच एक प्रश्न ठेवून द्यायची सोय आणली, समोरचा त्याला उत्तर देऊन सुरुवात करतो.

प्रश्न ४ मधल्या टिंडरच्या अभ्यासात पुरुषांच्या मेसेजची मध्यम लांबी १२ अक्षरं निघाली, स्त्रियांची १२२. बारा अक्षरांत ‘हाय, कशी आहेस’ एवढंच मावतं. प्रोफाइलमधली एक गोष्ट धरा आणि तिच्यावर एक प्रश्न विचारा. दोन वाक्यं पुरतात. दिसण्याची स्तुती पहिल्या मेसेजमध्ये नको. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज करू नका, ‘इतका कसला ॲटिट्यूड’ असा तर अजिबात नको.

७. किती दिवस चॅट करून मग भेटावं?

माझं मत ठाम आहे. आठवडा-दहा दिवसांत एक छोटा व्हिडिओ कॉल, आणि पंधरवड्याच्या आत भेट.

लांबलेल्या चॅटमध्ये माणूस समोरच्याची प्रतिमा स्वतःच घडवत जातो. रिकाम्या जागा आपल्याला हव्या त्या रंगाने भरतो. एका मुलीने मला लिहिलं होतं की त्यांनी सात आठवडे रोज चॅट केलं, सकाळचे निरोप, रात्रीच्या व्हॉइस नोट, सगळं. प्रत्यक्ष भेटले आणि वीस मिनिटांत बोलणं आटलं. त्याची काहीच चूक नव्हती. ‘तो हसताना तोंडावर हात धरतो आणि मधेच माझं वाक्य पूर्ण करतो, हे सात आठवड्यांत कळलंच नव्हतं,’ असं तिने लिहिलं. तिला दुःख झालं ते तिने मनात उभ्या केलेल्या माणसासाठी.

याला अपवाद आहेत. दोघं वेगवेगळ्या देशांत असाल, कोणाची तब्येत ठीक नसेल किंवा आधीच्या अनुभवाने भीती बसली असेल तर वेळ घ्या, पण व्हिडिओ कॉल तरी लवकर करा. समोरची व्यक्ती दर वेळी सबब सांगून भेट आणि कॉल दोन्ही टाळत असेल तर थेट प्रश्न १३ वाचा.

८. ॲप ‘९० टक्के जुळतं’ म्हणतं. त्यावर विश्वास ठेवू?

तुमच्या सवयी आणि मतं मिळतात एवढंच तो आकडा सांगतो. २०१४ मध्ये ओकेक्यूपिडने स्वतःच जाहीर केलं की त्यांनी एक प्रयोग केला होता. खऱ्या हिशोबाने ३० टक्के जुळणाऱ्या काही जोड्यांना त्यांनी ९० टक्के जुळतं असं दाखवलं, आणि त्या जोड्यांचं बोलणं वाढलं. म्हणजे आकड्यानेच ओढ निर्माण केली. २०१७ मध्ये जोएल, ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी स्पीड डेटिंगला (एकाच बैठकीत अनेकांना काही मिनिटं भेटायचं) आलेल्या लोकांकडून आधी शंभरावर प्रश्नांची उत्तरं घेतली आणि ती संगणकाला दिली. कोण एकूणच जास्त लोकांना आवडेल याचा थोडा अंदाज संगणकाला आला. या माणसाला हीच व्यक्ती विशेष आवडेल का, हे मात्र सांगता आलं नाही.

हिंज ज्या गणिताचा आधार घेतं ते १९६२ मध्ये गेल आणि शेपली यांनी मांडलं. कोणत्याही दोघांना आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जावंसं वाटणार नाही अशा जोड्या कशा लावायच्या, हा तो प्रश्न. गणित सुंदर आहे, पण त्यासाठी प्रत्येकाला आपली आवड आधी पक्की ठाऊक असावी लागते. आपली तर ती भेटीत घडते.

९. पैसे भरून सबस्क्रिप्शन घेऊ का?

पैशाने तुम्ही जास्त लोकांना दिसता आणि तुम्हाला कोणी लाइक केलंय ते कळतं. आवडण्याची शक्यता विकत मिळत नाही. आधी फोटो आणि बायो सुधारा, मग वाटलंच तर एकच महिना घेऊन पाहा. आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करून टाका. ॲप फोनवरून काढलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं, ते फोनच्या स्टोअरमध्ये जाऊन रद्द करावं लागतं.

१०. पहिल्या भेटीला जाताना काय काळजी घ्यावी?

सार्वजनिक जागा निवडा, येण्या-जाण्याची सोय स्वतःची ठेवा. कुठे, कोणाला भेटताय ते एका जवळच्या माणसाला कळवा आणि लाइव्ह लोकेशन त्याच्याकडे असू द्या. आपला ग्लास नजरेआड करू नका. अस्वस्थ वाटलं तर कारण न देता उठून या. ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणून बसून राहिलेल्या मुलींची पत्रं मी पुष्कळ वाचली आहेत.

११. त्याने उंची आणि वय खोटं लिहिलं होतं. सोडून द्यावं का?

किती खोटं, यावर ठरवा. २००८ मध्ये टोमा, हॅनकॉक आणि एलिसन यांनी न्यूयॉर्कमधल्या ८० जणांची प्रोफाइल आणि प्रत्यक्ष मापं ताडून पाहिली. उंची, वजन, वय यांतलं किमान एक तरी ८१ टक्के लोकांनी चुकीचं लिहिलं होतं, पण फरक बहुतेक ठिकाणी किरकोळ होता. दोन सेंटिमीटरसाठी चांगलं माणूस सोडू नका. वयात दहा वर्षांचा फरक निघाला, किंवा लग्न झालेलं लपवलं, तर ते तुमचा निर्णय बदलणारं खोटं आहे. तिथे ते नातं थांबवा.

१२. प्रोफाइलवर पडताळणीची टिक आहे. म्हणजे माणूस खरा ना?

चेहरा फोटोतलाच आहे, इतकंच त्यावरून कळतं. ॲप सेल्फी किंवा छोटा व्हिडिओ घेऊन तो फोटोशी ताडून पाहतं. नाव, नोकरी, वैवाहिक स्थिती आणि हेतू त्यात तपासला जात नाही. फोटो उलट शोधून पाहा (म्हणजे तो सर्च इंजिनमध्ये टाकून आणखी कुठे दिसतो ते बघा), व्हिडिओ कॉल करा, आणि सांगितलेल्या गोष्टी आठवड्याभराने पुन्हा सहज विचारा. खरी माणसंही तपशील विसरतात, पण त्यांची गोष्ट बदलत नाही.

१३. तो फार प्रेमळ आहे, फक्त एकदा पैशाची मदत मागितली. देऊ का?

देऊ नका. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला एकदाही नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ मध्ये अशा प्रेमाच्या फसवणुकीच्या जवळपास ७०,००० तक्रारी आल्या आणि नुकसान १.३ अब्ज डॉलरचं होतं. पद्धत ठरलेली असते. आधी प्रेमाचा वर्षाव, मग ‘ॲपवर नको, दुसरीकडे बोलू’, मग दूरदेशीची नोकरी, मग अचानक अपघात, अडकलेलं सामान किंवा आजारपण. अलीकडे मदतीऐवजी गुंतवणूक पुढे येते. तो म्हणतो, माझं बघ कसं वाढलं, तूही थोडे टाक. बनावट साइटवर आकडे वाढताना दिसतात, सुरुवातीला थोडे पैसे काढूही देतात. मोठी रक्कम गेली की दार बंद होतं.

पैसे गेले असतील तर त्याच तासाला बँकेला कळवा आणि सायबर पोलिसांत तक्रार करा. चॅट डिलीट करू नका, तो पुरावा आहे. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणून फोन करणारा दुसरा माणूस बहुतेकदा त्याच टोळीतला असतो. आणि लाज बाळगू नका. फसवणारे हे दिवसभराचं काम म्हणून करतात, तुम्ही विश्वास ठेवलात इतकंच.

१४. एआयकडून मेसेज लिहून घेतले तर ती फसवणूक आहे का?

वाक्य नीट करून घेणं, बायोचे दोन पर्याय मागणं, यात मला वावगं वाटत नाही. बुजऱ्या माणसाला त्याचा आधारच होतो. पण समोरची तिच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल लिहिते आणि तुम्ही ते एआयमध्ये चिकटवून आलेलं उत्तर पाठवता, तेव्हा तिने मन उघडलं ते कोणापुढे? भेटीत हे लपतही नाही. चॅटमध्ये ओघवता असलेला माणूस समोर बसून गप्प झाला की तिला कळतंच.

फोटोंचं वेगळं. उजेड वाढवा, पण एआयने बनवलेला चेहरा लावू नका. ते प्रश्न ११ मधल्या दुसऱ्या प्रकारचं खोटं आहे.

१५. तीन भेटी झाल्या आणि ती गायब झाली. मी काय चुकलो?

बहुधा काहीच नाही. याला घोस्टिंग म्हणतात, आणि हा शब्द २०१७ मध्ये मेरियम-वेब्स्टरच्या शब्दकोशातही गेला. पूर्वी ओळख मित्रांमार्फत व्हायची, गायब झालं तर कोणीतरी जाब विचारायचं. ॲपवर दोघांमध्ये समान ओळखीचं कोणी नसतं, म्हणून निघून जाणं सोपं झालं.

एकच मेसेज करा: ‘तुला पुढे भेटायचं नसेल तर हरकत नाही, कळवलंस तर बरं वाटेल.’ मग थांबा. आणि तुमच्यावर नकार द्यायची वेळ आली तर ‘भेटून छान वाटलं, पण पुढे जावंसं वाटत नाही’ इतकं लिहा. लिहायला वीस सेकंद लागतात, आणि कोणाचे तरी दोन आठवडे वाचतात.

एक अपवाद. समोरची व्यक्ती धमकावत असेल, पाठलाग करत असेल, नको म्हटलेलं ऐकत नसेल तर काहीही न कळवता ब्लॉक करा. ते घोस्टिंग नव्हे.

१६. पाच महिने भेटतोय, पण ‘आपण कोण?’ विचारलं की तो विषय बदलतो. हे काय आहे?

सिच्युएशनशिप, म्हणजे भेटीगाठी आहेत पण नात्याला नाव नाही. ऑक्सफर्डच्या २०२३ च्या वर्षातील शब्दाच्या अंतिम यादीत हा शब्द होता, इतका हा अनुभव सगळीकडे आहे. दोघांनाही असं सैल नातं हवं असेल तर ते चुकीचं नाही. एकाला हवं आणि दुसरा वाट पाहतोय, तिथे दुखतं. सरळ सांगा, मला हे पक्कं हवंय, तुला काय हवं ते या महिन्यात सांग. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

सुरुवातीला एकाहून जास्त लोकांशी बोलणं आता सर्रास आहे. ते लपवलं मात्र जाऊ नये. शारीरिक जवळीक येण्याआधी तरी दोघांनी याबद्दल बोलून घ्यावं.

१७. आमचं पक्कं ठरलंय, तरी मैत्रिणीला त्याची प्रोफाइल दिसली. तो फसवतोय का?

लगेच तसं धरू नका. फोनवरून ॲप काढलं तरी खातं राहतं, आणि प्रोफाइल नंतरही इतरांना दिसू शकते. खातं वेगळं डिलीट करावं लागतं आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. नवे फोटो, बदललेला बायो किंवा ‘आत्ता सक्रिय’ अशी खूण असेल तर मात्र विचारा. खोटी प्रोफाइल बनवून त्याची परीक्षा घेऊ नका. मग विश्वास कोणी मोडला, हाच वाद उरतो.

१८. माझी माहिती कुठे जाते?

वाटतं त्यापेक्षा बरीच साठते. २०१७ मध्ये एका फ्रेंच पत्रकाराने युरोपच्या कायद्याखाली टिंडरकडे आपली माहिती मागितली, तेव्हा ८०० पानं आली. ग्राइंडरने संमतीशिवाय माहिती जाहिरातदारांना दिली म्हणून नॉर्वेच्या नियामकाने २०२१ मध्ये ६.५ कोटी क्रोनरचा दंड ठोठावला. २०२५ मध्ये ‘टी’ या ॲपमधून सुमारे ७२,००० चित्रं फुटली. स्त्रियांना पुरुषांबद्दल एकमेकींना सावध करता यावं म्हणून ते ॲप होतं, आणि फुटलेल्या चित्रांत स्त्रियांनी पडताळणीसाठी दिलेले सेल्फी आणि ओळखपत्रंही होती.

आडनाव, कामाचं ठिकाण, घराबाहेरचा फोटो देऊ नका. सोशल मीडियावरचेच फोटो इथे वापरू नका, कारण फोटो उलट शोधून तुमच्यापर्यंत पोचता येतं. अचूक अंतर दाखवणं बंद करा.

१९. मी समलिंगी आहे, घरी माहीत नाही. ॲप वापरणं सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर बऱ्यापैकी. प्रश्न १८ मधल्या गोष्टी तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाच्या. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तुमचं अंतर पाहिलं तर तुमची जागा काढता येते, म्हणून अंतर दिसू देऊच नका. सूचना पडद्यावर न दिसतील अशी सेटिंग करा. पहिली भेट कोणाच्या घरी नको. खोट्या प्रोफाइलने बोलावून लुटणाऱ्या टोळ्या तुम्ही भीतीने कोणाला सांगणार नाही, यावरच जगतात. म्हणून निदान एका विश्वासू माणसाला तरी सांगून जा.

२०. खासगी फोटो पाठवला होता, आता तो पसरवण्याची धमकी देतोय. पैसे देऊन टाकू का?

नको. एकदा दिले की मागणी वाढते. आधी स्क्रीनशॉट, खात्याचं नाव, नंबर जपून ठेवा, मग ब्लॉक करा, ॲपवर रिपोर्ट करा आणि पोलिसांत जा. वय १८ च्या वर असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो रोखतात. १८ च्या खाली असाल तर ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे. हे करताना एकटे बसू नका. आजच, आत्ताच, एका माणसाला सांगा. रात्र उलटेपर्यंत त्याला जवळ बसवा.